खजूर आणि खारीक: किती खावं, कोणी जपून खावं, काय बघून घ्यावं

जवस

हिमोग्लोबिनचा रिपोर्ट कमी आला की घरात पहिला सल्ला ठरलेला असतो: "रोज चार खजूर खा, रक्त भरेल." सांगणारा मायेनेच सांगतो. पण या सल्ल्यापायी खरा उपचार दोन-तीन महिने लांबणीवर पडतो, म्हणून हा धागा काढते आहे.

बी काढलेल्या १०० ग्रॅम खजुरात लोह असतं साधारण १ मिलिग्रॅम. बाजारातला लहान खजूर बी काढून ७-८ ग्रॅम भरतो. म्हणजे चार खजुरांतून मिळालं ०.३ मिलिग्रॅम. आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे, गरोदरपणी २७. चार खजूर म्हणजे या गरजेचा शंभरावा भाग. शासकीय आरोग्य केंद्रात गरोदर बाईला जी लाल गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. त्या एका गोळीइतकं लोह खजुरातून घ्यायचं तर सहा किलो खजूर लागतील.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर असताना ११ च्या खाली असेल, तर डॉक्टरांना दाखवून गोळी सुरू करावी. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी यांत किमान दोन तासांचं अंतर. लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळा सोबत असला तर लोह जास्त शोषलं जातं. गोळीने शौचाला काळं होतं, घाबरून बंद करू नये. बद्धकोष्ठ झालं तर खजुराचा खरा उपयोग तिथे आहे: गोळीच्या जोडीला तो चांगला, गोळीऐवजी नाही.

मधुमेह, गरोदरपण, लहान मुलं, किडनी, खरेदी, साठवण: ज्यांना जे नीट माहीत आहे त्यांनी इथे लिहावं. फक्त माप आणि कारण दोन्ही द्या. "भरपूर खा" आणि "जपून खा" यांतून कुणाच्याच हाती काही लागत नाही.

शिदोरी

जवसताई, लोहाच्या आकड्याबद्दल एक शंका. जुन्या भारतीय तक्त्यांत सुक्या खारकेचं लोह १०० ग्रॅमला ७ मिलिग्रॅमच्या पुढे दिलेलं आहे. तुम्ही दिलेला १ मिलिग्रॅम हा अमेरिकी तक्त्यातला ओल्या खजुराचा आकडा दिसतो. खारीक वेगळी धरायला नको का?

जवस

बरोबर पकडलंत, धरूच. जात, माती, वाळवण्याची पद्धत आणि फळावरची धूळ यांमुळे आकडे बदलतात. चला, ७ धरू. मोठ्या तीन खारका बिया काढून २५ ग्रॅम भरतील. लोह पावणेदोन मिलिग्रॅम, गरज २९ ची. सात पट वाढवूनही गोळीची जागा भरत नाही. जेवणात लोह वाढवायचंच असेल तर अळीव, बाजरी, राजगिऱ्याची पालेभाजी, मटकी, तीळ आणि खाणाऱ्यांसाठी कलेजी ही खजुरापेक्षा कितीतरी सरस आहेत. (कलेजी गरोदरपणात मात्र वारंवार नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.)

मापटं

मग खजुरात आहे तरी काय, ते वजनावर बघू. सगळे आकडे बी काढलेल्या फळाचे.

मेडजूल (मोठ्या दाण्याची जात), १०० ग्रॅम: २७७ कॅलरी, साखर ६६ ग्रॅम, तंतू ६.७ ग्रॅम, पोटॅशियम ६९६ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ५४ मिलिग्रॅम, प्रथिनं जेमतेम १.८ ग्रॅम. क जीवनसत्त्व जवळपास शून्य.

मेडजूलचा एक मोठा दाणा २४ ग्रॅमचा असतो: ६६ कॅलरी आणि १६ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन-चार सपाट चमचे. लहान जातीचा एक दाणा ७ ग्रॅमचा: २० कॅलरी, साडेचार ग्रॅम साखर. "रोज तीन खजूर" या सल्ल्यात लहान दाणा असेल तर १३-१४ ग्रॅम साखर, मेडजूल असेल तर ४८. तीनच खजूर, पण साडेतीन पटीचा फरक. म्हणून नगावर बोलू नका, ग्रॅमवर बोला. घरात काटा असेल तर एकदा पाच दाणे बिया काढून तोलून ठेवा, म्हणजे पुढचा हिशोब सोपा.

मिल्कशेक हा सगळ्यांत फसवा प्रकार. एका ग्लासात आठ-दहा लहान खजूर सहज जातात, वर दोन चमचे साखर आणि आइस्क्रीमचा गोळा. चावून खाताना चौथ्या-पाचव्या खजुराला हात आपोआप थांबतो. दळलेल्याला तो अडसर राहत नाही.

केवडा

खजुराचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी असतो, त्यामुळे मधुमेहींना चालतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग नक्की काय धरायचं? आणि "शुगर-फ्री" खजूर लाडू सासऱ्यांसाठी आणावेत का?

जवस

केवडा, वाचलंय ते खोटं नाही, अर्धं आहे. संयुक्त अरब अमिरातीत पाच जातींवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी लोकांमध्ये इंडेक्स ४६ ते ५५ आणि टाइप २ मधुमेहींमध्ये ४३ ते ५३ च्या दरम्यान आला. पांढऱ्या भातापेक्षा कमीच. पण इंडेक्स सांगतो साखर किती वेगाने चढते ते. एकूण किती चढणार हे ठरतं तुम्ही किती खाल्लंत त्यावर. एका मेडजूलचा भार (ग्लायसेमिक लोड) साधारण ८ येतो. तीन खाल्ले की २४-२५, आणि २० च्या वरचा भार जास्तच समजतात.

ज्यांची साखर आटोक्यात आहे त्यांच्यासाठी: दिवसाला दोन लहान खजूर, १५ ग्रॅमपर्यंत. ते जेवणावर वाढीव नकोत. त्या वेळच्या अर्ध्या पोळीच्या किंवा फळाच्या बदल्यात घ्यायचे. सोबत सहा-सात बदाम किंवा मूठभर शेंगदाणे. रिकाम्या पोटी चहाबरोबर नको.

आपल्याला चालतो का, हे ग्लुकोमीटरच सांगेल. सकाळच्या खाण्यानंतर तीन तासांनी एकदा मोजा, दोन खजूर खा, तासाने आणि दोन तासांनी पुन्हा मोजा. त्या दोन तासांत दुसरं काही खायचं नाही, चालायला जायचं नाही, नाहीतर आकडा चुकतो. हेच दुसऱ्या एखाद्या दिवशी बदामांबरोबर करून बघा. कोणताही आकडा १८० च्या वर गेला तर माप निम्मं करा. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ९-१० वर आहे, औषधं बदलत आहेत, अशा वेळी तूर्त बंदच ठेवलेला बरा.

लाडवांबद्दल अगदी स्पष्ट सांगते. आपल्याकडच्या अन्न नियमांत "शुगर-फ्री" म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त चालत नाही. खजुराचा लाडू या व्याख्येत कुठल्याही मार्गाने बसत नाही. "साखर घातलेली नाही" असं लिहिता येतं, पण मग नैसर्गिक साखर आहे हेही लेबलवर सांगावं लागतं. सासऱ्यांसाठी आणलात तर अर्धा लाडू, आणि तो गोड पदार्थ म्हणूनच मोजा.

मापटं

याला जोडून: साखर अचानक उतरली, ७० च्या खाली गेली, हातपाय थरथरतायत, घाम सुटलाय, अशा वेळी खजूर शोधत बसू नये. तंतू आणि चावणं यांत वेळ जातो. ग्लुकोज पावडरचे तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, पाण्यातून द्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वर आल्यावर मग खजूर, बिस्किट, जेवण काय ते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. एकादशीचा उपास आणि रोजा, दोन्हींत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा. रोजा सोडताना एक-दोन लहान खजूर आणि पाणी ठीक, पण त्यावर लगेच सरबत, भजी आणि फळं आली की तासाभरात साखर कुठच्या कुठे जाते.

गाळा_४२

खरेदीचं मी लिहितो.

आपल्याकडे एकाच फळाची तीन रूपं मिळतात आणि नावांचा गोंधळ होतो. जून-जुलैत हातगाडीवर पिवळे-लाल घोस दिसतात ते कच्छचं ताजं फळ. गुजरातीत त्याला "खारेक" म्हणतात, आपली सुकी खारीक ती ही नव्हे. कच्छच्या या खारेकला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती कडक असतानाच उतरवतात, कारण झाडावर मऊ होईपर्यंत थांबलं तर पाऊस गाठतो आणि फळ आंबतं. बरही जातीची पिवळी फळं कडक असतानाही गोड लागतात. ज्यांनी जीभ ओढली जाते त्यांत टॅनिन (तुरट द्रव्य) जास्त. अशी फळं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढली की मऊ होतात आणि तुरटपणा उतरतो. या ताज्या फळात पाणी निम्म्याहून जास्त, त्यामुळे वजनाला साखर कमी.

दुसरा मऊ खजूर. इराणच्या बामकडचा काळा मझाफती फार ओलसर असतो, त्याची जागा फ्रिजमध्येच. दुकानात उन्हाच्या बाजूला खोक्यांची रास लावलेली असेल तर घेऊ नका. इराकचा पिवळसर झाहिदी त्यामानाने कोरडा आणि स्वस्त, चटणीला उत्तम. कलमी, अजवा, सुक्करी, मेडजूल यांच्यात चवीचा आणि भावाचा फरक मोठा, पोषणाचा थोडका. अजवा खाल्ल्याने अमुक आजार बरा होतो म्हणून चौपट भाव देऊ नका. चव आवडते, श्रद्धा आहे, म्हणून घ्या.

तिसरी खारीक. फळ कडक असतानाच उकळत्या पाण्यात शिजवून उन्हात वाळवतात. वर्षानुवर्षं आपल्याकडे ती मुख्यतः सिंधमधून यायची. २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लागलं आणि मे २०२५ पासून आयातच बंद झाली. भावातली उलथापालथ त्यातून आली आहे. पाकिटावर मूळ देश लिहिलेला असायला हवा, तो वाचून घ्या.

आता खजूर फोडून बघणं. हे प्रत्येकाने करायचं, मुलांना देताना तर नक्कीच. देठाकडची टोपी काढा, अंगठ्याने लांबीत चीर पाडा, दोन्ही भाग उघडा. आतला गर एकसारखा तपकिरी, बीभोवती पातळ पांढुरकी साल, एवढं असलं की ठीक. काजळीसारखी काळी पूड दिसली तर ती बुरशी. बाहेरून असा दाणा अगदी चकचकीत असू शकतो. तपकिरी बारीक कण आणि जाळीसारखे धागे दिसले तर आत अळी होऊन गेली. काळी पूड निघालेला दाणा झटकून किंवा धुऊन खायचा नाही. एका खोक्यात तीन-चार असे निघाले तर खोकं परत करा.

चकाकीला भुलू नका. खजुराची स्वतःची साल सुरकुतलेली आणि मंद असते. बोटाला पाक चिकटतो आणि बोट पाण्याने लगेच स्वच्छ होतं, तर वरून साखरेचा पाक लावलेला असू शकतो. पाणी लावूनही बोट तुळतुळीत राहिलं तर तेल. पाकिटबंद मालावर घटक पदार्थांत ग्लुकोज सिरप आहे का ते बघा. आंबूस, दारूसारखा वास आला की माल आंबायला लागलाय.

जवस

गाळा_४२, फोडून बघण्याचं इतकं नीट लिहिल्याबद्दल मनापासून आभार. त्यात एक भर: दम्याच्या रुग्णांनी फारच फिकट, पिवळसर खारीक टाळावी. सुक्यामेव्याचा रंग फिका राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, आणि त्यातून फळात उरणाऱ्या सल्फाइटने काहींना दम लागतो. लेबलवर ई-२२० पासून ई-२२८ पर्यंतचे आकडे म्हणजे तेच.

सहाण

लहान मुलांबद्दल.

बाळगुटीत खारीक उगाळून द्यायची पद्धत घरोघर आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको, पाणीसुद्धा नको. सहाण, उगाळायचं पाणी आणि हात, तिन्हींतून जंतू जातात आणि महिन्या-दोन महिन्यांच्या बाळाला जुलाब लागले की ते फार झपाट्याने सुकतं. खारकेच्या दोन वेढ्यांत पोषण नखाएवढं, धोका मात्र पूर्ण.

सहा महिन्यांनंतर: एक मऊ खजूर फोडून, बघून, बी काढून उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवा. साल सुटते ती काढा. गर चाळणीतून घासून घ्या. नाचणीच्या सत्त्वात किंवा मऊ भातात आधी एक छोटा चमचा. तीन दिवस पुरळ, जुलाब काही नाही ना बघून मगच दोन चमचे. दिवसाला एका लहान खजुराच्या वर नको, नाहीतर बाळाला साध्या वरण-भाताची चव लागेनाशी होते. यात मध मिसळू नका, वर्षाच्या आत मध अजिबात नको.

चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा खजूर हातात देऊ नये. तो चिकट असतो, घशाला प्लगसारखा बसतो आणि खोकून निघत नाही. बी काढून लांबीत चार फाका करा, मूल बसलेलं असताना द्या, पळता-खेळता नाही. खारकेचा कडक तुकडा तर भिजवल्याशिवाय नकोच.

दात: खजूर दाढेच्या खाचांत चिकटून राहतो. रात्री खारीक-दूध पाजून तसंच झोपवलं तर दुधाचे दात पोखरतात. दिवसा द्या, वर पाणी पाजा, रात्री दात घासल्यावर काही नको.

तीरकामठा

बाळंतपण सोपं होण्यासाठी नवव्या महिन्यात खजूर खावेत, यात तथ्य आहे का? आणि पहिल्या तीन महिन्यांत "उष्ण" म्हणून देत नाहीत, ते?

जवस

पहिल्या भागाला थोडा आधार आहे. जॉर्डनमधला एक अभ्यास २०११ मध्ये आला. ६९ बायकांनी अपेक्षित तारखेआधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले, ४५ जणींनी खाल्ले नाहीत. खाणाऱ्यांत कळा आपणहून सुरू होण्याचं प्रमाण ९६ टक्के, न खाणाऱ्यांत ७९. कळा वाढवण्याचं औषध लागलं ते २८ विरुद्ध ४७ टक्क्यांना. पण गट छोटे होते आणि चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे यावरून कुणाला खात्री देता येत नाही. खायचे तर ३६ आठवड्यांनंतर सहा लहान दाणे, दोन-तीन वेळांत विभागून. त्याआधी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी झालेली हवी. ती १४० किंवा वर आली असेल तर खजूर तुमच्यासाठी नाहीत. तारीख उलटली म्हणून एका बैठकीत वीस खजूर खाऊन कळा येत नाहीत, पोट फुगतं आणि जुलाब होतात.

पहिल्या तीन महिन्यांत एक-दोन खाल्ल्याने गर्भाला धोका असल्याचा पुरावा नाही. "उष्ण"बद्दल आयुर्वेदाच्या जाणकारांनी सांगावं.

पारिजात

खर्जूर शीतवीर्य (थंड गुणाचा), मधुर, स्निग्ध आणि गुरू सांगितला आहे. चरकसंहितेत तो श्रमहर गणात येतो, द्राक्ष, डाळिंब, ऊस यांच्या पंगतीला. त्यामुळे "उष्ण" हे शास्त्रातलं नव्हे, थंडीत खायची प्रथा आहे त्यावरून रूढ झालेलं. "गुरू" मात्र लक्षात ठेवावं: पचायला जड. भूक मंद असताना, जेवणावर लगेच, दुधाबरोबर मोठ्या प्रमाणात घेतला की पोट जड होतंच.

मापटं

पोट फुगण्याचं आजच्या भाषेतलं कारण: खजुरात फ्रुक्टोज आणि फ्रुक्टान्स (लहान आतड्यात नीट न शोषले जाणारे साखरेचे प्रकार) आहेत, ते मोठ्या आतड्यात आंबून वायू होतो. आयबीएस (आतडं नाजूक असल्याने वारंवार पोट बिघडण्याचा त्रास) असलेल्यांना दोन-तीन खजुरांनीही कळ येऊ शकते. बद्धकोष्ठासाठी घ्यायचे तर तीन-चार लहान खजूर किंवा दोन खारका रात्री पाण्यात, सकाळी चावून खायच्या, ते पाणीही प्यायचं आणि दिवसभरात दोन लिटर पाणी हवंच. पाणी कमी असेल तर तंतू वाढवून उलट अडकतं. भिजवल्याने साखर नाहीशी होत नाही, थोडी पाण्यात उतरते आणि ते पाणी आपण पितोच.

किडनीचं सगळ्यांत गंभीर. निरोगी माणसाला खजुरातलं पोटॅशियम फायद्याचं. पण क्रिएटिनीन (किडनीचं काम कळतं तो रक्तातला आकडा) वाढलेलं, डायलिसिस चालू, किंवा स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू आणि किडनी थोडी कमजोर, अशांच्या रक्तात ते साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पाच लहान खजुरांत अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास जातं. भाजीसारखं चिरून, उकळून, पाणी फेकून ते काढता येत नाही. अशा रुग्णांनी शेवटचा पोटॅशियमचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही खाऊ नये. भेटीला जाताना त्यांच्यासाठी खजुराचं खोकं नेऊ नका.

शिदोरी

खारीक पूड घरी करताना मिक्सरमध्ये गोळा का होतो, ते विचारलं जातं म्हणून लिहिते. कारण एकच, ओल. खारीक ओल्या फडक्याने पुसा, धुवू नका. अडकित्त्याने फोडून बी आणि टोपी काढा, आत बघा. तुकडे कडक उन्हात दोन-तीन दिवस, पावसाळा असेल तर कढईत अगदी मंद आचेवर दहा मिनिटं. तुकडा मोडताना "कट्" असा आवाज यायला हवा, वाकला तर अजून ओला. पूर्ण गार झाल्यावर एका वेळी मूठभरच, थांबत थांबत फिरवा. भांडं तापलं की साखर वितळते आणि गोळा होतो. चाळून कोरड्या बरणीत, महिनाभरासाठी बाहेर, जास्त असेल तर फ्रिजमध्ये.

बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचं माप: खारीक पूड २५० ग्रॅम, सुकं खोबरं २५०, गूळ २५०, तूप २००, डिंक १००, बदाम १००, खसखस ५०. तीस ग्रॅमचे ४० लाडू होतात, प्रत्येकी दीडशे कॅलरी. दूध पाजणाऱ्या आईला दिवसाला एक, फार तर दोन. घरातल्या बाकीच्यांनी येता-जाता उचलायचा हा पदार्थ नाही.

केवडा

सगळ्यांचे आभार, सासऱ्यांसाठी दोन खजुरांचं माप लिहून ठेवलं. शेवटचं एक: फ्रिजमधल्या खजुरांवर पांढरे ठिपके आलेत. टाकून द्यायचे का?

गाळा_४२

आधी एक दाणा कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवा. ठिपका विरघळून साल स्वच्छ झाली तर ती साखर वर येऊन तिचे खडे झालेत, खायला काही हरकत नाही. चिमटीत घेतल्यावर असे ठिपके खरखरीत लागतात. कापसासारखी लव दिसली, हिरवट-काळी छटा असली, किंवा कुबट वास आला तर बुरशी आहे, त्या डब्यातले सगळेच टाका, चिकटलेल्या शेजाऱ्यांत ती गेलेलीच असते. पुढच्या वेळी आणल्याबरोबर आठवड्यापुरते बाहेर ठेवून बाकीचे हवाबंद डब्यात फ्रीझरला लावा. साखरेमुळे दगडासारखे होत नाहीत, दहा मिनिटांत खाण्याजोगे मऊ होतात, आणि किड्यांची अंडी असली तर आठवडाभराच्या त्या थंडीत मरतात.